आईची गोळाफेक

माझी आई एकतिसाव्या वर्षी खेळाडू झाली, तीही तिला न विचारता. ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक खेळांत बायकांच्या गोळाफेकीला निदान तीन नावं लागत होती आणि आली होती दोनच. म्हणून लाँड्रीच्या सुपरवायझरबाईंनी तिसरं नाव आईचं लिहून टाकलं. आई तिथे गेली होती ती खरं तर चमच्यात लिंबू धरून पळायला.

गोळा कोणत्या हाताने टाकायचा, इथपासून तिला विचारावं लागलं. मग तिने तो टाकला. फक्कीची शेवटची रेघ ओलांडून तो पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत गेला, आणि पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरसाहेबांनी दोन्ही पाय वर उचलून घेतले. अंतर मोजायला शेजारच्या शाळेतले ड्रिलसर आले होते. त्यांनी टेप दोनदा लावली. कार्यक्रम संपल्यावर ते आईला शोधत आले आणि म्हणाले, "बाई, याआधी काय फेकत होता?"

"चादरी," आई म्हणाली.

ते खरंच होतं. ओल्या चादरींचे पिळे धुलाईच्या ढोलातून उपसायचे, गाड्यावर टाकायचे, पिळायच्या यंत्रापर्यंत ढकलत न्यायचे, हे काम ती अकरा वर्षं करत होती. ओली चादर किती जड असते हे एकदम आठ-दहा चादरी उचलल्याशिवाय कळत नाही. माझे बाबा शिंपी होते. दरवर्षी ते आईच्या कपड्यांच्या बाह्या थोड्या सैल करायचे, आणि त्याबद्दल कधी एक अक्षर बोलायचे नाहीत.

ड्रिलसरांनी सांगितलं होतं की रोज पहाटे शाळेच्या मैदानावर या, मी शिकवतो. आईने ही गोष्ट रात्री जेवताना गंमत म्हणून सांगितली. आम्ही दोघं भावंडं हसलो. मी आठ वर्षांची होते, धाकटा चार. आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

तिथून सगळं सुरू झालं. आई सव्वापाचला घराबाहेर पडायची, सव्वासहाला परत यायची आणि पावणेसातला कामावर निघायची, कारण लाँड्रीची पाळी सातची. मधल्या तासाभरात घर बाबांच्या ताब्यात असायचं. ते दूध तापवायचे, अंडी उकडायचे, धाकट्याला कडेवर घेऊन दात घासायला लावायचे आणि माझ्या वेण्या घालायचे. बाबांनी घातलेली वेणी म्हणजे टीप मारल्यासारखी. दिवसभर एक केस सुटायचा नाही, पण ती इतकी घट्ट असायची की माझे डोळे ताणले जायचे. शाळेतल्या मुली विचारायच्या, तू कायम अशी दचकलेली का दिसतेस?

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली होती. स्वभावाने वाईट नव्हती, पण तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते पोटात ठेवणं तिला जमत नसे. दोन मुलांची आई पहाटे उठून मैदानात लोखंड फेकते, हे चारचौघांत सांगायचं तरी कसं, असं ती म्हणायची. आई "हो, वन्सं" म्हणायची आणि बुटांच्या नाड्या बांधायची.

आमचं घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन, आत्याची खाट आणि आम्हा मुलांचा पसारा. गोळा टाकताना आधी पाठमोरं उभं राहून एका पायावर मागे घसरत यायचं असतं, ती चाल आईला काही केल्या साधत नव्हती. ड्रिलसरांनी सांगितलं, घरी सराव करा, गोळा नसला तरी चालेल. वर्तुळ सव्वादोन मीटरला जरा कमी. बाबांनी मशीन भिंतीला चिकटवलं, आत्याची खाट वीतभर सरकवली आणि कापडावर आखायच्या खडूने फरशीवर वर्तुळ काढलं. गोळ्याऐवजी त्यांनी चिंध्या आणि वाळू भरून एक गोल उशी शिवली. आमच्याकडे कपडे शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं वर्तुळाबाहेर उभी राहून माप द्यायची. का, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण आत पाय टाकायचा धीर कुणाला झाला नाही.

खाली घड्याळं दुरुस्त करणारे काका राहायचे. डोळ्याला भिंग लावून चिमट्याने मोहरीएवढे स्क्रू बसवायचं त्यांचं काम, आणि डोक्यावर आई धप्पकन उडी मारायची. तिसऱ्या दिवशी ते वर आले. आई ओशाळली, उद्यापासून बंद करते म्हणाली. काका म्हणाले, "बंद नको, वहिनी. फक्त वेळ ठरवा." ठरलं, संध्याकाळी पाच ते सव्वापाच. त्या वेळात काका भिंग उतरवून चहा घ्यायचे. एखाद्या संध्याकाळी आईला कामावरून यायला उशीर झाला, तर जिन्याखालून त्यांची हाक यायची की माझा चहा निवतोय.

बाबांनी आणखी एक गोष्ट केली होती. आठ मोजपट्ट्या टोकाला टोक लावून शिवल्या आणि बारा मीटरची एक लांबलचक पट्टी केली. रविवारी आम्ही सगळे, आत्या सोडून, मैदानावर जायचो. आई टाकायची, बाबा मोजायचे, धाकटा गोळा ढकलत ढकलत परत आणायचा आणि मी वहीत लिहायचे. ड्रिलसरांच्या पोलादी टेपपेक्षा बाबांची पट्टी नेहमी दोन-तीन सेंटिमीटर कमी दाखवायची. सर म्हणायचे, अहो, कापड ताणलं जातं, जास्तच धरा. बाबा म्हणायचे, कमीच धरू. त्या वहीत पहिल्या वर्षी साडेसात-आठचे आकडे होते, दुसऱ्या वर्षी नऊ आले.

तिसऱ्या वर्षी आत्या जिन्यात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने खाटेवरून उठायचं नाही, पुढचं पुढे बघू. दुसऱ्या दिवसापासून आईचं मैदान बंद झालं. तिने ते कुणाला सांगितलंही नाही. सव्वापाचला ती बुटांऐवजी गरम पाण्याची बादली घ्यायची. ड्रिलसर चौकशीला आले तेव्हा म्हणाली, "सर, आता घरी जमत नाहीये." तुम्हाला उतरवायचं म्हणत होतो त्या जिल्हा स्पर्धेला अकरा महिने आहेत, एवढंच सर म्हणाले. मग दारातूनच परत गेले.

आत्याला उचलायचं काम आईचं. पेशंट खाटेवर असतानाच त्याच्याखालची चादर कशी बदलायची, हे ती इस्पितळात रोज बघत आली होती. पाय रोवायची, गुडघ्यात वाकायची आणि एका श्वासात आत्याला उचलायची. बाबा उचलायला आले की आत्या घाबरून खाटेची कड धरून ठेवायची. बाबांचे हात सुईदोऱ्याचे, तेवढं वजन त्यांना पेलायचं नाही. आईच्या हातात मात्र ती डोळे मिटून राहायची.

असा दीड महिना गेला असेल. एका संध्याकाळी आई खाटेशेजारी बसून भाजी निवडत होती. आत्या बराच वेळ फरशीकडे बघत होती.

"ते वर्तुळ कुठे गेलं गं?"

"पुसलं, वन्सं. अडचण होत होती."

"कुणाला?"

आईने भाजीची पुढची जुडी सोडली.

"मला दिवसभर छताकडे बघत पडायचंय," आत्या म्हणाली. "निदान संध्याकाळी बघायला काहीतरी असू दे. आणि सकाळचं काय ते हा बघेल. मी शिकवते त्याला उचलायला."

बाबांनी मशीनवरची टीप अर्धवट सोडली आणि खडू शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याने खरोखरच त्यांना शिकवलं. तिच्यासारखं गुडघ्यात वाक, कमरेत नको, श्वास आधी घे. बाबा घामाघूम झाले, पण जमलं. संध्याकाळी पाच वाजता खाली काकांचाही चहा पुन्हा सुरू झाला.

आता आत्याला संध्याकाळच्या त्या सरावाची ओढ पाऊण तास आधीपासूनच लागायची. उशा लावून तिला बसतं केलं की ती आईचे पाय बघायची. आठ-दहा दिवसांनी म्हणाली, "डावा पाय उशिरा पडतो तुझा. उजवा आला की लगेच पडायला हवा, तू मध्ये वाट बघतेस." आईने कानाडोळा केला. आत्या रोज तेच म्हणायला लागली. कंटाळून आईने ते ड्रिलसरांना सांगितलं. सर आधी हसले. मग त्यांनी आईला तीनदा टाकायला लावलं, स्वतः वर्तुळाच्या कडेला उकिडवे बसले, आणि त्यांचं हसू मावळलं.

"हे कोण म्हणालं?"

"माझ्या नणंदबाई."

"कुठून खेळायच्या?"

"खेळायच्या कुठल्या? अंथरुणाला खिळल्यात."

त्या रविवारी सर फळं घेऊन आत्याला भेटायला आले आणि दोघं तासभर आईच्या डाव्या पायाबद्दल बोलत बसली. आई मध्ये उभी, परीक्षेला बसल्यासारखी.

जिल्हा स्पर्धेच्या दिवसापर्यंत आत्या काठी घेऊन खोलीत चार पावलं टाकू लागली होती, पण जिना उतरणं शक्य नव्हतं. तिच्यासोबत बसायला काका सकाळीच आपली पेटी आणि भिंग घेऊन वर आले. आम्ही चौघं स्पर्धेला गेलो. बाबांनी आईसाठी निळा पोशाख शिवला होता, खांद्यात मोकळा, आणि पाठीवर पट्ट्याही लावल्या होत्या. तिथे सगळ्या कॉलेजच्या मुली होत्या. नावं लिहून घेणाऱ्या माणसाने वर न बघता आईला विचारलं, मुलगी कुठाय? आईने मला पुढे केलं आणि म्हणाली, "ही मुलगी. पण गोळा मी टाकणार आहे."

पहिली फेक बाद झाली, पाय वर्तुळाच्या पुढच्या लाकडी पट्टीवर गेला. दुसरी साधारण, तिसरीही. तरी ती पहिल्या आठांत आली आणि तिला आणखी तीन फेकी मिळाल्या. शेवटच्या फेकीला ती वर्तुळात पाठमोरी उभी राहिली तेव्हा मी बाबांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. नंतर कळलं, ते "उजवा, डावा, उजवा, डावा" असं पुटपुटत होते. आई घसरत आली, वळली, आणि गोळा सुटताना तिच्या तोंडून एक आवाज निघाला, मोठं गाठोडं गाड्यावर टाकताना निघतो तसा. दहा मीटर एकतीस. आजवरची तिची सगळ्यात लांब फेक.

तिसऱ्या आलेल्या मुलीची दहा छत्तीस होती. पुढच्या स्पर्धेला पहिल्या तिघीच जाणार होत्या. आई चौथी.

परतीच्या बसमध्ये धाकटा झोपून गेला. मग बाबा म्हणाले, "पाच सेंटिमीटर. एवढी तर मी कपड्यात माया सोडतो." शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. आई खिडकीबाहेर बघत होती ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्याला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या, त्या आधी काढल्या.

घरी आत्या खाटेवर ताठ बसून वाट बघत होती. कितवी आलीस हे तिने विचारलंच नाही.

"पाय?" ती म्हणाली.

"शेवटच्या वेळी बरोबर पडला, वन्सं."

"मग पुढच्या वर्षी पहिल्या वेळी पडेल."

पुढच्या वर्षी आई तिसरी आली. राज्य स्पर्धेला गेली, तिथे चौदा जणींत नववी आली, आणि सोमवारी सात वाजता लाँड्रीत हजर झाली. आमच्या घरात यापेक्षा मोठा पराक्रम कधी झाला नाही. आत्या त्यानंतर तीन वर्षं जगली. शेवटपर्यंत तिचं म्हणणं होतं की ड्रिलसर चांगले आहेत, पण त्यांची नजर जरा कमी पडते.

बेचाळिसाव्या वर्षी आईचं मनगट दुखायला लागलं. एके दिवशी जेवण वाढता वाढता ती म्हणाली, उद्यापासून मी मैदानावर जात नाही. बाबांनी मान हलवली. मला वाटलं होतं काहीतरी रडारड होईल, पण ती भांडी आवरायला लागली.

अवघड झालं ते दुसऱ्या दिवशी. पाच वाजता तिला जाग आली आणि काय करावं ते कळेना. म्हणून तिने चहा ठेवला, आणि एकटीला चहा कसा घ्यायचा म्हणून आम्हा सगळ्यांना उठवलं. मी कॉलेजला होते, धाकटा दहावीला. बाहेर अंधार, आम्ही पांघरुणं गुंडाळून स्वयंपाकघरात बसलो, जांभया देत, तिच्यावर चिडत. तिसऱ्या दिवशी चिडणं कमी झालं. बाबा आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची नक्कल करायचे, धाकटा तोंडपाठ केलेलं म्हणून दाखवायचा, मी मैत्रिणींच्या तक्रारी सांगायचे. आई फार बोलायची नाही. हातात कप धरून एकेकाकडे बघत राहायची. अकरा वर्षं या वेळेला आम्ही कसे दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. माझं लग्न होईपर्यंत तो चहा चालू राहिला. आता माझ्या घरी सगळे सातनंतर उठतात, पण मला अजूनही पाचच्या सुमाराला जाग येते, आणि मी थोडा वेळ अंथरुणात तशीच पडून राहते.