विल्मरचा निळा

विल्मर एबरसोलला पुरून आठवडाही झाला नव्हता. त्याच्या शेडमध्ये त्याचा जुना मदतनीस हार्लन डाइट्झ गाडीकडे पाठ करून बसला होता. चाळीसएक वर्षं त्या शेडमध्ये त्याने कुठल्या गाडीकडे पाठ केली नव्हती. पण ही गाडी हिरवी होती.

त्या खोऱ्यात रेसच्या हिरव्या गाडीत कुणी बसत नाही. ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या राहतात त्या पिटात भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या नाहीत आणि हिरव्या गाडीत बसायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हातारे एखाद्या मेलेल्या ड्रायव्हरचं नाव घेतात. नाव दर वेळी वेगळं असतं.

विल्मरच्या गाड्या निळ्या असत. बापाच्या रिकाम्या कोंबडीघरात त्याने मातीच्या ट्रॅकवर पळणारी पहिली स्प्रिंट कार बांधली तेव्हा गोठ्याच्या दारांचा निळा रंग उरला होता, तो तिला फासला. पुढे कोंबडीघराची शेड झाली, पंचक्रोशीतले ड्रायव्हर गाडी उलटली तरी जीव वाचवणारे पाइपांचे पिंजरे बांधून घ्यायला तिथेच येऊ लागले, पण निळा तोच राहिला. लोक त्याला विल्मरचा निळा म्हणत. विल्मर बोलायला कंजूष होता. वेल्डिंगच्या जोडावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "चालेल." याहून मोठी शाबासकी त्याच्याकडून कुणाला मिळाली नव्हती. ड्रायव्हर गोल ट्रॅकवरून हरून आला की मात्र तोंड सुटायचं. "गाडीला एकच गोष्ट येते, डावीकडे वळणं. तुला तेवढीपण येत नाही?"

मग साखरेने डोळे धरले. जवळचं दिसत होतं, जोड अजून त्याच्याच हातचे होते, पण रंग एकमेकांत विरघळले. शेवटची गाडी बांधून झाल्यावर तो स्वतः रंगवाल्याकडे गेला आणि रंगांच्या नमुन्यांतल्या एकावर बोट ठेवून म्हणाला, "हा. आपला." बोट हिरव्यावर होतं. रंगवाला त्याला नेहमी वचकून असे. त्याने मुकाट्याने हिरवा मारला.

गाडी घरी आली. विल्मर तिच्याभोवती हळूहळू फिरला आणि बायकोला म्हणाला, "वर्ना, आपलाच निळा ना?"

वर्नाने हार्लनकडे पाहिलं. हार्लनने हातातल्या पान्याकडे.

"आपलाच," वर्ना म्हणाली.

रेसच्या सीझनआधी गुपचूप निळा मारून टाकू, त्याला कुठे कळणार आहे, असं दोघांचं ठरलं होतं. विल्मर तेवढा थांबला नाही.

आता येत्या शनिवारी सीझनची पहिली रेस विल्मरच्या नावाने होणार होती. हार्लनने रंगाचा डबा आणला. वर्ना दारात उभी राहिली.

"हात लावू नकोस."

"वर्ना, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. हा रंग निळाच आहे असं समजून तो गेला. आता मी कुणासाठी बदलू?"

"मग कोण बसणार तिच्यात?"

"ते तू बघ. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय, हार्लन. त्यानं नाही ऐकला. मी ऐकला की झालं. मग ती विक, कापून भंगारात टाक."

"मागच्या रस्त्यावर ढकलून चालू करून दाखवतो. आत्ता."

"रस्त्यावर ट्रॅक्टर चालतात. ट्रॅकवर."

हार्लन ट्रेंटकडे गेला. ट्रेंट स्टॅम्बॉ तीन वर्षांपूर्वी रेसमध्ये गाडीसकट ट्रॅकच्या कुंपणावरून उडून पार्किंगमध्ये पडला होता आणि विल्मरच्या पिंजऱ्यातून मोडका अंगठा घेऊन चालत बाहेर आला होता. मयताच्या जेवणात कोंबडी-मक्याच्या सुपापुढे बसून तो पोरासारखा रडला होता. "काहीपण लागलं तर सांग," असं त्यानेच हार्लनला म्हटलं होतं.

"शनिवारी विल्मरची गाडी चालवायचीय," हार्लन म्हणाला.

"चालवणार की! रंगवलीस ना?"

"नाही."

ट्रेंटने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"घरी दोन पोरं आहेत रे."

"त्यांना बाप आहे तो कुणाच्या पाइपांमुळे?"

"माहितेय. जेवायच्या आधी रोज नाव घेतो आम्ही त्याचं. पण हिरव्यात नाही. तू काळी कर, गुलाबी कर, माझ्या सासूच्या पडद्यावरची फुलं काढ तिच्यावर. बसतो. गाडीवर रंगाचा एक हात मारायला काय होतं?"

"वर्नाला विचार."

"तू विचार. मला तिची भीती वाटते."

इतरांकडेही तेच झालं. कुणाची पाठ दुखत होती, कुणी दुसऱ्याला शब्द दिला होता. प्रत्येकाने विल्मरची एक गोष्ट सांगितली, प्रत्येकाचे डोळे भरले. हार्लन पिकअपमध्ये बसून राहिला. एवढं प्रेम घेऊन माणूस मेला होता, आणि त्यातलं ओंजळभरही त्याच्या गाडीच्या कामाला येत नव्हतं. मूर्ख आहेत सगळे, तो मोठ्याने म्हणाला. मग त्याने ठरवलं. रेस नाही तर नाही, रेसआधी एक फेरी. मी बसेन.

शनिवारी प्रेक्षकांचं स्टॅन्ड भरलं होतं. गाडी ट्रकवरून उतरली तशी पिटातली बडबड थांबली. शेजारच्यांनी आपल्या गाड्या जरा लांब घेतल्या, सहज घेतल्यासारख्या. हार्लन गुडघे आवळत पिंजऱ्यात उतरला, पट्टे आवळून घेतले. या गाड्यांना स्टार्टर नसतो. मागून ट्रक ढकलतो, इंजिन फिरू लागतं, तेलाच्या दाबाचा काटा वर आला की इंधन सोडायचं, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं बटण वर करायचं.

ढकलायच्या ट्रकवर लेस्टर होता. तो काच खाली करून म्हणाला, "म्हाताऱ्या, राग मानू नको. ट्रकचं हेच नाक तुझ्या हिरव्या गाडीला लावून मग बाकीच्या वीस गाड्यांना लावायचंय मला. ती पोरं मला मारतील."

"विल्मरसाठी, लेस्टर."

"विल्मरसाठी मी खड्डा खणला. मातीपण मीच लोटली." त्याने काच वर केली.

मग मागे दुसऱ्या इंजिनाची घरघर ऐकू आली. वर्ना स्वतःची पिकअप घेऊन आली होती, पुढच्या बंपरला जुना टायर बांधून. धक्का बसला. हार्लनची मान मागे आदळली आणि गाडी मातीवर सरकू लागली.

टोप्या उतरल्या. अख्खं स्टॅन्ड उभं राहिलं.

पहिल्या वळणावर इंजिन फिरू लागलं. आग नव्हती, नुसता श्वास, जड, फसफसणारा. तेलाचा काटा चढला. आता. इंधनाची तोटी हार्लनच्या डाव्या हाताशी होती. त्याने खाली पाहिलं. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांशी, डोक्यावर, सगळीकडे तो रंग होता. हार्लन या गोष्टी मानत नव्हता. आठवडाभर त्याने सगळ्यांना तेच सुनावलं होतं. त्याने हाताला सांगितलं. हात मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

ट्रॅकच्या मागच्या सरळ पट्ट्यावर वर्नाने वेग वाढवला. टायर पाठीशी कुरकुरत होता. ती हॉर्न वाजवत होती: आता, आता. तिसरं वळण गेलं. हार्लनच्या हेल्मेटमध्ये त्याचाच श्वास भरला. काटा वर होता, सगळं विल्मरने करून ठेवल्यासारखं चोख होतं, फक्त एक हात हवा होता. चौथं वळण गेलं. गाडी सुरुवातीच्या रेषेवर आली, मंदावली, थांबली.

भोंग्यावरचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "विल्मर एबरसोलसाठी मौन फेरी." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, बराच वेळ.

वर्ना उतरून पिंजऱ्याशी आली.

"काय झालं?"

"इंजिननं पकडलं नाही," हार्लन म्हणाला.

तिने आत वाकून पाहिलं. तोटी बंद होती. बटण खाली होतं. ती तशीच वाकलेली राहिली.

ट्रेंट धावत आला. त्याचा चेहरा ओला होता. "वर्ना, आवाजच नाही! काय सुचलं तुम्हाला! अंगावर काटा आला बघ माझ्या."

"हार्लनला सुचलं," वर्ना म्हणाली, आणि पिकअपकडे निघाली.

हार्लनने पट्टे सोडले. त्या पिंजऱ्यातून वर यायला त्याच्या वयाच्या माणसाला कुणाचा तरी हात लागतो. ट्रेंट दोन पावलांवर उभा होता. त्याने हात पुढे केला, पाइपाजवळ आणला आणि तिथेच थांबवला.