बाबा येईपर्यंत तात्पुरता

माझे मामा लिफ्ट तपासतात. नव्या इमारतीत लिफ्ट बसली की तिच्यात पाऊल टाकायची परवानगी मामांच्या सहीनंतरच मिळते, आणि ती सही सहजासहजी मिळत नाही. आधी लिफ्ट रिकामी वर जाणार, रिकामी खाली येणार. मग तिच्यात वाळूच्या गोण्या चढणार. गोण्या सुखरूप परतल्या की मग माणसं. हा क्रम त्यांनी कधी मोडलेला नाही. त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेली एकही लिफ्ट आजवर पडलेली नाही, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही काम आजवर वेळेवर झालेलं नाही.

अडचण एवढीच, की मामा घरी आल्यावरही लिफ्टच तपासत असतात. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच आहे, कारण सोफा ठेवायचा की परत करायचा हे ठरायचं आहे. दुकान मध्यंतरी बंद पडलं, पण तेवढ्याने मामांचा विचार थांबत नाही. "आमच्या लग्नाला होकार द्यायला यांनी एवढा वेळ घेतला," मामी पाहुण्यांना सांगते, "की तोवर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होऊन तिचं पोर रांगायला लागलं." मामा यावर रागावत नाहीत. घाईने झालेल्या लग्नांची उदाहरणं देतात.

त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझी मामेबहीण, हिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. तिने विचारलं, "बाबा, जाऊ का?" मामा म्हणाले, "बघू." ते बघत असतानाच ती गेली. जाताना भांडली नाही, रडली नाही, फक्त बॅग उचलली. तेव्हापासून ती मामीशी तासभर बोलते, आणि फोन मामांच्या हातात गेला की संभाषण असं होतं:

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

मग दोघंही आपापल्या बाजूने थोडा श्वास घेतात आणि मामा फोन परत मामीला देतात. आमच्या घरात यालाच बापलेकीचं प्रेम म्हणतात.

आणि एक दिवस याच चार शब्दांनंतर ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळी मी गेम खेळते. तिथे मोकळं बोलता येतं. तुम्ही या ना. आमच्या गटात पाच जण लागतात, चारच आहोत. पाचवी जागा तुमच्यासाठी ठेवते. गडावर चढाई करायची आहे, तोपर्यंत ठरवा."

मामा काय म्हणाले असतील हे मी सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी लोकांच्या कचेऱ्यांत नेटवर्क बसवतो, म्हणून वीज, मोबाइल, टीव्हीचा रिमोट आणि ज्याला बटण आहे असं काहीही नातेवाइकांत माझ्या खात्यावर जमा असतं.

"हा गेम म्हणजे नेमकं काय?" मामांनी विचारलं.

मी समजावलं. एक काल्पनिक राज्य आहे, त्यात राक्षस, जादू, किल्ले. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्यात शिरतात. जो तो एक रूप घेतो, योद्धा, धनुर्धारी, वैद्य, आणि टोळीने हिंडतो. 

"आणि जिंकल्यावर?"

"पुढच्या राक्षसाकडे जायचं."

"म्हणजे काम संपत नाही."

"नाही."

"वरिष्ठ कोण आहे तिथे?"

मामी आतून म्हणाली, "बघा, पेन्शन आहे का तेही विचारा."

पुढचे काही आठवडे मामांनी गेमचा अभ्यास केला. माहितीपट पाहिले. गेममुळे डोळे बिघडतात असं सांगणारे डॉक्टर ऐकले, मग गेममुळे मेंदू तल्लख होतो असं सांगणारे डॉक्टर ऐकले, आणि दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं मत घेतलं. त्यांनी आयुष्यात गेम पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं. शेवटी मामा म्हणाले, "असं कर. मी खेळत नाही. आपण फक्त तपासू. आधी रिकामी पाठवू."

म्हणजे चाचणीपुरतं एक पात्र बनवायचं. त्याचं बरंवाईट झालं तर हरकत नाही. सगळं ठीक दिसलं, तर मग मामा स्वतः, खरे, वेगळं पात्र घेऊन उतरणार. वाळूची गोणीच ती, फक्त तिला हातपाय होते. मी एक ढालवाला योद्धा निवडला, ताडमाड उंच, छातीवर लोखंड, दाढी कमरेपर्यंत. गेमने नाव मागितलं. मामांनी क्षणाचाही विलंब न लावता लिहिलं: तात्पुरता. आयुष्यात त्यांनी एवढ्या झटपट घेतलेला हा एकमेव निर्णय असावा.

तात्पुरता जंगलात हिंडू लागला. मामा सोफ्याच्या प्लास्टिकवर बसून, समोर स्टुलावर माझा जुना लॅपटॉप ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून त्याला चालवत. वाटेत भेटलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं पूर्ण भाषण वाचत. लोक ते न वाचताच पुढे पळतात, हे सांगितल्यावर त्यांना त्या म्हाताऱ्यांचं वाईट वाटलं. पुलावर पाय ठेवण्याआधी ते पूल खालून बघत.

एकदा ते मला म्हणाले, "गटातली माणसं कशी आहेत, तेही तपासायला हवं."

"म्हणजे लेकीवर पाळत ठेवणार?"

"पाळत कसली. सोबत कोण आहे हे बघायला नको?"

लेकीच्या पात्राचं नाव होतं मलमपट्टी. ती गटाची वैद्य. बाकी तिघांत एक दातांचा डॉक्टर होता, तो दिवसभर लोकांचे जबडे उघडून संध्याकाळी बाण मारायला येई. आणि एक नवराबायकोची जोडी, जी घरात एकमेकांशी बोलत नव्हती म्हणून इथे तलवारीने बोलत होती. ते चौघं माइकवर बोलत. तात्पुरत्याने गटात घ्याल का असं लिहून विचारलं. मामा माइक लावत नसत, टाइप करत. एका बोटाने.

मलमपट्टीचं उत्तर आलं, तिचाच आवाज स्पीकरमधून: "ये. पण कायमचं नाही हं. ही जागा माझ्या बाबांची आहे. ते येईपर्यंत बदली म्हणून."

मामांनी लिहिलं, "चालेल."

अशा रीतीने माझे मामा स्वतःच्याच जागी बदलीवर रुजू झाले.

मग रोज संध्याकाळी एक चमत्कार घडू लागला. फोनवर दोन शब्द बोलणारी मुलगी या अनोळखी दाढीवाल्याशी भरभरून बोलायची. कामाच्या ठिकाणची वरिष्ठ बाई कशी खडूस आहे, घरमालक नळ दुरुस्त करत नाही, सुट्टीच्या दिवशी खोली कशी खायला उठते, निघताना बाबांनी साधं 'हो' म्हटलं नाही ते कसं लागलं. मामा ऐकत. नळाच्या गोष्टीवर तात्पुरत्याने नळाची चकती कशी बदलायची ते सविस्तर लिहिलं. एका बोटाने लिहायला इतका वेळ लागला की तेवढ्यात दोन राक्षस त्याला बडवून गेले. तो नुसता उभा होता.

"अगं, तिचा नळ गळतोय," मामा आत जाऊन मामीला म्हणाले.

"मला माहीत आहे. मला फोनवर सांगितलं तिने."

"मला पण सांगितलं."

"तुम्हाला नाही, त्या दाढीवाल्याला," मामी म्हणाली. "अहो, आता तरी सांगून टाका तिला."

"मी अजून खेळायला सुरुवात कुठे केली आहे? तपासणी चालू आहे."

चढाईचा दिवस जवळ आला. आदल्या संध्याकाळी गट शेकोटीभोवती बसला होता, आणि मलमपट्टी म्हणाली, "तात्पुरता, बाबा काही येत नाहीत. माझंच चुकलं, त्यांना विचारायलाच नको होतं. उद्या गड झाला की ही जागा तुझी. कायमची."

मामा लॅपटॉपसमोरून उठले. मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"अशी कशी देते? कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख, आणि त्याला बापाची जागा?"

मामी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "कोण कुठला म्हणजे? तुम्हीच की."

"तिला कुठे माहीत आहे?"

"म्हणून तर सांगा म्हणते. नाहीतर उद्या तुमची जागा तुम्हीच खाणार, आणि परत तुम्हीच फुरंगटून बसणार."

मामा गच्चीत जाऊन आले. पाणी प्यायले. मग तोंडातून तो शब्द निघालाच. "बघू."

मामीने भाजीची जुडी ताटात टाकली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गट गडाच्या पायथ्याशी पोचला. मी मुद्दाम आलो होतो. वर जायला एकच वाट होती: साखळ्यांना टांगलेली जुनाट लाकडी लिफ्ट. फळ्या कुजलेल्या, साखळ्या गंजलेल्या. चित्रकाराने मन लावून केल्या होत्या, आणि तिथेच घात झाला. मागून भुतांची फौज येत होती. पाचही जणांनी उडी मारून आत शिरायचं आणि कळ दाबायची, एवढंच होतं.

तात्पुरता सगळ्यांच्या पुढे होता. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. साखळी निरखली. मी म्हणालो, "मामा, हे चित्र आहे. ती पडणार नाही."

त्यांनी ऐकलं नाही. तीस वर्षांचा हात होता तो. तात्पुरत्याने बाहेर उभं राहून कळ दाबली, आणि रिकामी लिफ्ट खडखडत वर निघून गेली.

ती आपोआप परत येत नाही, हे गेममध्ये लहान पोरालाही ठाऊक असतं. वर पोचलेला माणूस लागतो, तिथून कळ दाबायला. पाचही जण खालीच राहिले. नवराबायको एकमेकांना दोष देता देता मेले, बहुधा नेहमीच्या सवयीने. डॉक्टर मेला. मलमपट्टी सर्वांना मलम लावता लावता मेली. शेवटी तात्पुरता आडवा झाला, दाढीसकट. पुन्हा जिवंत व्हायला गेम थोडा वेळ घेतो. तोवर फक्त पडून राहायचं आणि बोलायचं.

"तात्पुरता," लेकीचा आवाज आला, "लिफ्ट रिकामी का पाठवलीस?"

मामांनी एका बोटाने लिहिलं: आधी रिकामी. मग वजन. मग माणसं.

स्पीकरमध्ये खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

मामांच्या याच इमारतीत ही मुलगी लहानपणी रोज दप्तर पाठीला लावून लिफ्टसमोर उभी राहायची, बाबांनी आधी रिकामी पाठवलेली लिफ्ट वर जाऊन खाली येईपर्यंत. शाळेत रोज उशीर. बाईंनी कारण विचारलं की ती हेच वाक्य म्हणून दाखवायची. वर्ग हसायचा.

"बाबा?" ती म्हणाली.

मामांचं बोट कळफलकाच्या वर तसंच राहिलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगायची सोय नाही. ओठ मात्र 'बघू' या शब्दासाठी आधीच आवळलेले होते.

मामा माझ्याकडे वळले. "माइक कुठला?"

मी बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं.

"हो. मीच आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे नळ... तुम्हीच सांगितलंत?"

"बसवलीस का चकती?"

"बसवली." मग नाक ओढल्याचा आवाज. "मी तुमच्याबद्दल काय काय बोलले तुमच्यासमोर."

"ऐकलं. ते जायच्या वेळचंही ऐकलं. मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं." मामा थांबले. या जागी नेहमी त्यांचा 'पण' येतो. आम्ही सगळे त्याची वाट बघत होतो. तो आला नाही.

दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला, "काका, नमस्कार. आम्ही मेलेलो आहोत, चालू द्या तुमचं."

"मग जागा कोणाला द्यायची?" लेकीने विचारलं. "बाबांना की तात्पुरत्याला?"

"मला दे," मामा म्हणाले. "तो भरवशाचा नाही, सगळ्यांना मारतो."

गट पुन्हा जिवंत होऊन पायथ्याशी आला. गेमने लिफ्ट पुन्हा खाली आणून ठेवली होती, भुतं मागून येत होती. चौघं आत चढले. तात्पुरता बाहेर उभा.

"बाबा, चढा."

मामांनी साखळीकडे पाहिलं. मग तात्पुरत्याने आत पाऊल टाकलं आणि डोळे मिटले. म्हणजे मिटले ते मामांनी. इकडे त्यांच्या मुठीत सोफ्याचं प्लास्टिक चुरचुरलं आणि टर्रकन फाटलं. लिफ्ट वर पोचेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

"फाटलंच आहे, तर काढून टाकते," मामी म्हणाली, आणि उरलेलं ओढायला लागली.

"अगं थांब," मामा डोळे न उघडता म्हणाले, "सोफ्याचं अजून ठरलेलं नाही."