दोन गाड्या आणि डावी बाजू

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक दिसायला अगदी सरळमार्गी माणूस. इस्त्रीचा शर्ट, खिशात काचा पुसायचं मऊ फडकं, आवाज कधी चढलेला नाही. नंबर काढताना "हे बरं दिसतं की हे?" असं तो इतक्या संथपणे विचारायचा की एखाददुसऱ्या आजीबाई खुर्चीतच डुलकी घ्यायच्या. पण सवड मिळेल त्या रविवारी हाच माणूस हेल्मेट काखेत मारून शहराबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर हजर व्हायचा आणि आपली छोटी हॅचबॅक अशी पिटाळायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. तिथे त्याला सगळे भिंगवाले म्हणत.

त्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सने एकदाची मान टाकली आणि घरात नव्या गाडीचा विषय निघाला. गाडी एकच घ्यायची होती आणि तिनेच सगळं निभवायचं होतं: आठवडाभर मुलीची शाळा, बायकोचा पोहण्याचा तलाव, सासऱ्यांचा दवाखाना आणि रविवारी ट्रॅक. बायको तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. सासरे गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याकडेच राहायला आले होते.

चाळण लावून लावून दोन गाड्या उरल्या. एक लाल, एक करडी. लालला दोनच दारं, गिअर हाताने टाकायचे आणि बैठक इतकी कडक की रस्त्यावरचा खडाही पाठीला कळावा. करडीला मागे दारं होती, गिअर आपोआप पडायचे, आणि एक बटण दाबलं की तीच गाडी मऊची कडक व्हायची. भिंगवाल्यांचा जीव लालवर जडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते मात्र दोन्ही गाड्यांबद्दल अगदी तटस्थपणे बोलत असल्याचा आव आणायचे.

शोरूममध्ये सासऱ्यांना लालच्या मागच्या सीटवर बसवून पाहिलं. पुढची सीट वाकवून, गुडघा सांभाळत ते कसेबसे आत गेले. बाहेर काही येता येईना. शेवटी तिथूनच म्हणाले, "जावईबापू, माझं जेवण इकडेच पाठवत जा."

बायको हसून हसून बेजार झाली. तिच्या तलावावरच्या, मुलं धरून पोहतात त्या फळ्यांची मोठी पिशवीही लालच्या डिकीत आडवी मावेना. घरच्यांचं मत करडीकडे झुकलं, तरी भिंगवाल्यांनी हार मानली नाही. खरी परीक्षा ट्रॅकवर, असं त्यांचं म्हणणं. योगायोगाने ट्रॅकच्या क्लबने तशी सोयही केली होती: दोन्ही कंपन्या आपापल्या गाड्या आणणार, ज्याला हवं त्याने चालवून बघायचं, शेजारच्या सीटवर क्लबचा शिकवणारा बसणार. बायको म्हणाली, मीही येते, बघू तरी काय वेड आहे ते. मुलीलाही बरोबर घेतलं.

लाल गाडीला त्यांचा हात लगेच सरावला. वळणावर ती जणू मनातलं ओळखून वळत होती. त्यांची कळी खुलली. इतक्यात शेजारचा शिकवणारा ओरडला, "हळू! पिवळा झेंडा!" पुढच्या वळणावर एक गाडी गिरकी खाऊन आडवी पडली होती. ब्रेक वेळेवर लागला. पण डावीकडे उंचावर उभा असलेला झेंडेवाला, त्याचा तो हलणारा पिवळा झेंडा, यातलं काहीच त्यांना दिसलं नव्हतं. उतरल्यावर ते म्हणाले, "काचेच्या बाजूचा खांब फार जाड आहे हिचा. सगळं झाकतो." लाल गाडीतला हा दोष त्यांना मनापासून लागला.

मग करडी घेतली. हिचा खांब बारीक, काचा मोठ्या. सरळ पट्ट्यावर वेग चढला, आणि पुढच्या वळणासाठी त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, तोच शिकवणाऱ्याने हात घालून ते उलट ओढलं. डाव्या अंगाला अगदी खेटून एक पांढरी गाडी सूं करत निघून गेली. ती कुठून आली, त्यांना कळलंच नाही. शिकवणारा तरणा होता, पण त्याने मुळीच भीड ठेवली नाही. तो म्हणाला, "भिंगवाले, ती गाडी केव्हाची तुमच्या बाजूला होती. आरशातही होती. आज तुमचं लक्ष कुठे आहे?"

परतीच्या वाटेवर घरची जुनी गाडी नव्हतीच. भाड्याची गाडी होती आणि ती बायको चालवत होती. मुलगी मागे झोपून गेली होती. ते सांगत होते की लालचा खांब जाड आणि करडीचे आरसे वाईट, म्हणजे दोन्हीत खोट आहे. बायकोने बराच वेळ ऐकून घेतलं. दिवसभर तलावाच्या काठावर उभं राहून कोण कुठे बुडतंय ते बघणं, हेच तिचं काम होतं.

"दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या," ती म्हणाली, "आणि दोघींना एकाच बाजूची खोट कशी असेल?"

ते जरा चिडूनच म्हणाले की तक्त्यावरची शेवटची ओळ मी आजही घडाघडा वाचतो. ते खरंही होतं.

"मग दुकानातलं ते मशीन कर," ती म्हणाली. "आत्ताच."

मुलीला आजोबांपाशी सोडून दोघं दुकानात आली. शटर अर्धं वर केलं. मागच्या खोलीत नजरेचा घेर मोजायचं ते मशीन होतं, पांढऱ्या खोलगट वाडग्यासारखं. एकेक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. कितीतरी लोकांना त्यांनी तिथे बसवलं होतं. स्वतः मात्र कधीच बसले नव्हते. डॉक्टरच्या घरचा माणूस औषध घ्यायचं विसरतो, तसं काहीसं.

बायकोला पडद्यापाशी बसवून त्यांनी सुरू करायचं बटण दाखवलं आणि हनुवटी टेकवली. दिवे चमकू लागले, ते दाबत गेले. मध्येच बराच वेळ काही चमकलंच नाही. मग पुन्हा एक, मग पुन्हा शांत.

"अडकलं वाटतं," ते म्हणाले. "बिघडलंय मशीन."

त्यांनी डोकं वर काढलं तर ती पडद्याकडे बघत होती आणि तिने ओठ घट्ट मिटले होते.

"तू बस," ते म्हणाले.

ती बसली. आता पडद्यासमोर ते होते. दिवा डावीकडे वर लागला, तिचा अंगठा हलला. डावीकडे खाली लागला, अंगठा हलला. एकही चुकेना. मशीन ठणठणीत होतं. त्यांनी स्वतःचा निकाल उघडला. डाव्या डोळ्याच्या चित्रात निम्म्याहून अधिक काळं. उजव्यातही कडेने काळं शिरायला लागलेलं. अशी चित्रं त्यांनी दुसऱ्यांची खूप पाहिली होती. पाहिल्याबरोबर ते गिऱ्हाइकाला खुर्ची देत, पाणी देत आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहून देत. आता त्यांना स्वतःलाच खुर्ची धरावी लागली.

पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, ते त्यांना त्या खोलीत कळलं. काळोख दिसला असता तर केव्हाच कळलं असतं. पण तिथे काळोख नव्हताच. जे दिसत नव्हतं ते जणू जगातच नव्हतं, आणि डोकं ती जागा गुपचूप भरून काढत होतं. मग एकेक आठवायला लागलं. जेवताना हात लागून सांडलेला पेला. दाराच्या चौकटीला आपटलेला खांदा. आणि मुलगी किती वेळा शेजारी येऊन म्हणायची, "बाबा, मी इथे आहे ना." त्यांना वाटायचं, पोरगी लाडात आलीय.

"मी रोज तिला शाळेत सोडत होतो," ते म्हणाले. "त्या शाळेपुढच्या चौकातून."

बायको उठली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

डॉक्टरांनी तेच सांगितलं जे ते इतरांना सांगत आले होते. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही. थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल. गाडी मात्र बंद. तुमच्या घरात आधी कोणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि ते पुन्हा हबकले. शेवटच्या वर्षांत त्यांचे वडील भिंतीला हात लावत चालायचे. वय झालं, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने वडिलांना जाड काचांचे चष्मे करून दिले होते. लागलीच त्यांनी मुलीची तपासणी करवून घेतली. तिचे डोळे स्वच्छ निघाले, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

काही दिवस ते गप्पगप्प होते. गाडीचा विषय निघाला तर बायकोला म्हणत, तुला चालवायचीय, तुला झेपेल अशी साधीसुधी घे. दुकानात मात्र ते आता प्रत्येकाच्या मागे लागून त्याला मशीनपाशी बसवत. लोक कंटाळत, ते ऐकत नसत.

एका संध्याकाळी बायको करडी गाडी घेऊनच दारात आली. सासरे मागच्या दाराने चढून ऐटीत बसून आले होते. भिंगवाले बघतच राहिले.

"साधी का नाही घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"मला ट्रॅकवर जायचंय," ती म्हणाली. "तू शिकवायचंस."

त्यांना वाटलं, आपलं मन राखायला म्हणतेय. पण पुढच्या रविवारी ती खरोखरच हेल्मेट घालून बसली. शेजारी ते. कुठे ब्रेक लावायचा, कुठे सोडायचा, ते त्यांना तोंडपाठ होतं. ती बैलगाडीच्या चालीने निघाली. सगळे पुढे जात होते. डावीकडून कोणी आलं की ती आधीच बाजूला होत होती, आणि दर वेळी त्यांना कळायच्या आधी तिला कळत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग सरळ पट्टा आला. तिने ते बटण दाबलं, गाडी कडक झाली, आणि तिने पाय असा काही रोवला की भिंगवाल्यांची पाठ सीटला चिकटली. त्यांनी दारावरची मूठ घट्ट धरली.

"अगं, वळण!" ते ओरडले.

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि बरोबर जागी ब्रेक लावला.

बाहेर उतरल्यावर गडबडीने तिने पाणी मागितलं, अर्धं अंगावर सांडलं. त्यांनी लगेच तिसऱ्या वळणावरची चूक सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं आणि चाकांकडे बोट दाखवलं.

"टायर निवू देत आधी," ती म्हणाली. "उद्या सकाळी हिच्यातूनच पोरीला शाळेत सोडायचंय."