वसईचा असून समुद्राचं मीठ विसरलो

मित्रांनो, सकाळपासून चार वेळा गॅरेजमध्ये जाऊन आलोय. स्वस्थ बसवत नाही, म्हणून इथे लिहितोय.

थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्या देशांतल्या बाइकवाल्यांचे गंजाचे व्हिडिओ बघून मी हसायचो. परदेशात असलो, तरी आपल्या टार्निटला कुठे आलाय बर्फ! तीन आठवड्यांपूर्वी समुद्राकाठून मस्त राइड मारली, लाटांचे तुषार अंगावर घेतले, घरी येऊन बाइकवर नवंकोरं कव्हर घातलं आणि शिफ्टमध्ये अडकलो.

आज कव्हर काढलं तर बोल्टांवर, चेनवर, सगळीकडे तांबूस गंज!

वसईला पप्पांना व्हिडिओ कॉल केला. त्यांची स्कूटर तीस वर्षं किनाऱ्यावरून फिरली. त्यांनी एवढंच विचारलं, "झाकायच्या आधी गोड्या पाण्याने धुतलीस का?"

नाही धुतली. दर रविवारी चर्चवरून आले की पप्पा आधी स्कूटर धुवायचे, मगच जेवायचे. बादली मी भरून द्यायचो, तीही चडफडत.

आता धुतली, पुसली, चेनला तेल घातलं. तरी वाटतं, आत कुठेतरी मीठ लोखंड खातच असेल. सप्टेंबरमध्ये पप्पा येतायत. त्यांना मागे बसवून फिरवायचं कबूल केलंय.

पप्पा म्हणाले, "मी आलो की बघतो. तू फक्त बादली भरून दे."

सप्टेंबरपर्यंत मला कसला दम निघतोय! किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनो, तुम्ही आणखी काय करता? आत्ताच सांगा. बादली भरून ठेवली आहे.