रविवारचा काटा

इतवारीच्या धान्यबाजारात नत्थू मेश्राम तीस वर्षं मापारी आहे. मालकासाठी पोत्याच्या वजनात कधी पावशेरही खोटं बोलला नाही. त्यापायी दोनदा नोकरी गेली.

त्याचा मुलगा प्रशिक अठ्ठावीस वर्षांचा. गोळ्यांनी त्याच्या डोक्यातले आवाज थांबले, पण अंग सुटत गेलं. नातेवाइकांना तेवढंच दिसतं. पंगतीत त्याच्या ताटाकडे बघून हसतात, त्यांना लाज नाही वाटत! मागे या हसण्यापायी त्याने गोळ्या सोडल्या. चौथ्या दिवशी तो सावनेरच्या रस्त्यावर अनवाणी सापडला.

तेव्हापासून दर रविवारी, बाजार बंद असताना, नत्थू त्याला पोत्यांच्या काट्यावर उभा करतो. आकडे प्रशिकच्या पाठीमागे उमटतात. परवा एकशे चार उमटले.

"नव्याण्णव," नत्थू म्हणाला. "कमी होऊन राह्यलं गा."

प्रशिक उतरला. बापासमोर गोळी गिळली.

"बाबा, मेडिकलच्या दवाखान्यातबी काटा आहे. मले खरं वजन माहीत आहे."

नत्थूची मान खाली गेली. "मंग इथं काहून येतं?"

"तुमी सांगितलेलं वजन कोनी खोटं मानत नाही, बाबा. खाली उतरेपर्यंत मलेबी नव्याण्णवच वाटते."