बिनसाखरेच्या चहाची जाहिरात

बारामतीच्या आमच्या केबल वाहिनीवर जनहिताची एक जाहिरात करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त तोंड मीच चालवलं होतं, हे आधीच कबूल करते. विषय मधुमेहाचा होता. आमचे संपादक म्हणजेच मालक, आणि गरज पडली तर कॅमेरामनही. त्यांचं म्हणणं, जनहिताच्या जाहिरातीत पुढारी नकोच. एखादा डॉक्टर बसवा आणि चार सरळ वाक्यं बोलून घ्या. मी म्हटलं, आपल्याकडं डॉक्टरचं ऐकतं कोण? विहीर कुठं घ्यायची आणि सोयरीक कुठं करायची, हेसुद्धा लोक पुढाऱ्याला विचारून ठरवतात. मग रक्त तपासायलाही त्यानंच सांगावं. संपादकांनी वही मिटली आणि मला वाटलं, मी जिंकले.

खरं कारण घरचं होतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, इंदापूरच्या बाजूला गावी राहतात. उसाचं धसकट लागून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि दोन महिने झाले तरी ती भरत नव्हती. दिवसाला सात-आठ कप चहा, तोही असा गोड की कपात चमचा उभा राहावा. माझे आजोबा मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायचे; आबा चहाच्या टपरीपर्यंत जायलाही गाडीला किक मारतात. रक्त तपासायचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे. जाहिरात मी बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांसाठी लिहितेय असं सांगत होते, पण लिहिली ती एका माणसासाठी.

पुढारी म्हणून मी निवडले साखर कारखान्याचे अध्यक्ष. कुठल्या कारखान्याचे ते सांगत नाही. आमच्या भागात कारखानेही भरपूर आणि अध्यक्षही. साखर करणाऱ्यानंच ती कमी खा म्हटलं तर लोकांना पटेल, असा माझा अंदाज. तुझे आबा तर त्याच कारखान्याचे सभासद आणि विरोधी पॅनेलचे, अशी संपादकांनी आठवण करून दिली. आजाराला पॅनेल नसतं, असं मी त्यांना सुनावलं.

चित्रीकरण अध्यक्षांच्या दालनात होतं. टेबलावर नमुन्याच्या साखरेची भली मोठी बरणी, आणि ती हलवायला त्यांचे स्वीय सहायक तयार होईनात. पहिल्या खेपेला अध्यक्षांनी "सभासद बंधू-भगिनींनो" म्हणून सुरुवात केली ती थेट ऊसदरापर्यंत नेली. चौथ्या खेपेला ते मधुमेहावर आले. मधेच चहा आला. आम्हाला ट्रेमधून, त्यांना वेगळा. त्यांनी खिशातून गोळी काढली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"साहेब, तुम्हालाही?"

"बारा वर्सं झाली," ते सहज म्हणाले.

मला तर घबाडच सापडलं. एवढं एक वाक्य कॅमेऱ्यासमोर बोला, बाकी काही नको, असं मी त्यांना परोपरीनं विनवलं. त्यांनी हसून कप खाली ठेवला. "बाई, निवडणूक तोंडावर हाय. उद्या विरोधक म्हणत्याल, अध्यक्ष थकला." मग पाठ केलेलं होतं तेवढंच ते बोलले. चहात साखर कमी घ्या, रक्त तपासून घ्या.

जाहिरात लागली त्या दिवशी मी मुद्दाम गावी होते. आबांनी ती मन लावून पाहिली आणि म्हणाले, "दिवाळीची साखर बंद करायची तयारी हाय ही."

कारखाना सभासदांना दिवाळीला सवलतीत साखर देतो. अध्यक्ष कमी खा म्हणतोय त्या अर्थी कमी देणार, याबद्दल आबांना शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी टपरीवरही ती शंका कुणाला राहिली नाही. टपरीवाला आबांच्याच पॅनेलचा. त्यानं निषेध म्हणून कपामागं एक चमचा वाढवला. चौथ्या दिवशी पॅनेलचं पत्रक निघालं. मग अध्यक्षांचा आम्हाला फोन आला, साखर बंद होणार नाही असा खुलासा त्याच जाहिरातीत घाला. आम्ही घातला. खुलासा करतोय म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, हे आबांनी लगेच ओळखलं. एवढ्या खटाटोपाचा परिणाम म्हणजे आबा आता दिवसाला दहा कप पिऊ लागले. संपादकांनी फक्त एका डॉक्टरचं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

रविवारी गावी गेले तर आबा बाजेवर पडलेले, पाय उशीवर, आणि अंगठा काळपट दिसायला लागलेला. माझा तोल सुटला. ज्याच्या निषेधापायी एवढी साखर पोटात घालताय, त्या माणसाला स्वतःला बारा वर्षं मधुमेह आहे, असं मी ओरडले. बोलून गेले आणि जीभ चावली. आता ही बातमी टपरीवर जाणार आणि माझी नोकरीही जाणार.

आबा कोपरावर रेलून उठले.

"बारा वर्सं?"

"हो."

"आन तरी समदा कारखाना पायानं हिंडतोय?"

माझ्या थोरल्या चुलत्यांचा पाय याच रोगापायी गुडघ्यापासून काढावा लागला होता आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आबा इतके दिवस सुईला नाही, त्या पायाला भीत होते. मी त्यांची मुलगी, दुसऱ्यांना जागरूक करायची जाहिरात लिहिणारी, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"मंग टीव्हीवर त्यो हे का न्हाय बोलला?"

"निवडणूक आहे म्हणून."

"मंग जाहिरातीत करत काय व्हता?"

आबांनी सदरा मागितला आणि म्हणाले, "चल इंदापूरला. रक्त काढू."

रक्तातली साखर बघून डॉक्टरांनी ती पुन्हा एकदा मोजली. गोळ्या, इंजेक्शनं, रोजची मलमपट्टी सुरू झाली. नख गेलं, पण अंगठा वाचला. टपरीवर आबांनी चकार शब्द काढला नाही, ना अध्यक्षांबद्दल ना स्वतःबद्दल. अध्यक्षांचं का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाले, दुखण्यावर मतं मागायची नसतात. आणि स्वतःचं? तर म्हणाले, आमचाच माणूस आजारी निघाला तर पॅनेलचं कसं व्हायचं? टपरीवरचा गोड चहा ते हातात धरून गार करत बसायचे आणि कुणाचं लक्ष नाही बघून बाकाखाली ओतायचे.

दोन महिन्यांनी कारखान्याची वार्षिक सभा भरली. बातमीसाठी मी अध्यक्षांच्या कॉलरला माइक लावला होता आणि माझ्या कानात हेडफोन होता. चहाच्या किटल्या फिरल्या, आणि कुणा नव्या माणसानं व्यासपीठावर अध्यक्षांच्या हातात सगळ्यांचाच गोड कप दिला. अध्यक्ष कपाकडं बघत राहिले. समोर सगळा मांडव टपून बसलेला, हा माणूस स्वतःच्या कारखान्याची साखर पोटात घेतो की नाही ते बघायला.

पहिल्या रांगेतून आबा उठले.

"दिवाळीच्या साखरेचं लेखी मिळंस्तवर आमी कारखान्याच्या साखरेचा च्या पिणार न्हाय. आमाला बिनसाखरेचा द्या."

विरोधी बाजूनं टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी क्षणभर आबांकडं निरखून पाहिलं. मग जाहीर केलं की लेखी आजच देतो, आणि सभासद पिणार नसतील तर मीही पिणार नाही, मलाही बिनसाखरेचाच आणा. आता दोन्ही बाजूंनी टाळ्या. आचाऱ्यांनी नवं आधण ठेवलं आणि सगळ्या मांडवानं तोंडं वाकडी करत तो चहा प्यायला.

सभा संपल्यावर अध्यक्ष खाली उतरले आणि आबांजवळ थांबले. त्यांचा माइक काढायचा राहिला होता.

"अंगठ्याला पट्टी दिसतीय, आबा. तुमालाबी?"

"व्हय. दोन महिनं झालं."

"पाय जपा. माझा अंगठा दोन येळा जाता जाता ऱ्हायलाय. बारा वर्सं झाली मला. भ्यायचं न्हाय."

"भीत न्हाय आता," आबा म्हणाले. "तुमचं कळलं, तवाच तर रक्त काढलं."

जाहिरातीसाठी मी विनवण्या करून मागितलेलं वाक्य शेवटी माझ्या यंत्रात आलं होतं, स्वच्छ आवाजात, आबांच्या उत्तरासकट. मी ते तिथंच उभ्या उभ्या पुसून टाकलं. संपादकांनी विचारलं, काही कामाचं मिळालं का. मी म्हटलं, नाही, नुसती भाषणं.