उलट्या पिळाच्या पेंढ्या

थोरले चुलते फाल्गुनात वारले, ज्वारीची काढणी चालू असताना. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं रान अक्कलकोटच्या बाजूला होतं. कडब्याच्या पेंढ्या बांधायला सुतळी वापरत नसत. ज्वारीचीच दोन-तीन ताटं पिळून त्यांचा बंध करत, त्याला आळा म्हणत. चुलते डावखुरे होते. त्यांच्या आळ्याचा पीळ उलटा पडे, म्हणून त्यांची पेंढी गंजीतही ओळखू येई.

जोडीतला तांबडा बैल त्यांनी वासरापासून वाढवलेला. ते गेल्यावर आठवडाभरात लक्षात आलं, तो फक्त उलट्या पिळाची पेंढी खात होता. खात्री करायला मी आळे सोडून दोन्ही पिळांच्या पेंढ्यांचा कडबा गव्हाणीत मिसळला. संध्याकाळी बैलाने निम्मी ताटं एका कडेला सारलेली होती.

“वहिनी, आता पाट मांडा त्याला, रांगोळी काढा,” वडील म्हणाले.

“त्याला कळतंय, भावजी. तुमाला न्हाय कळत.”

“आन् ह्या पेंढ्या सरल्यावर?”

चुलती गव्हाणीतली सारलेली ताटं गोळा करू लागली. तिला मूलबाळ नव्हतं. जोड मोडली तर मृगाला तिच्या वाट्याचं रान पडीक राहणार होतं आणि दुसरा बैल घेण्याची ऐपत कुणाचीच नव्हती.

चुलत्यांनी जेमतेम चार दिवस पेंढ्या बांधल्या होत्या. त्या चैत्रात संपायला हव्या होत्या. वैशाख निम्मा झाला तरी गंजीतून निघत होत्या.

एका दुपारी मी गंजीमागे गेलो. चुलती एक गुडघा पेंढीवर रोवून बसली होती. चुलते तसेच बसत. आमचे आळे सोडून ती नवे पिळत होती, डाव्या हाताने. हात झरझर चालला होता आणि नजर दूर बांधावर होती. तोंडाने “तिन्नो, तिन्नो” चाललं होतं. कानडीत म्हणजे ‘खा रे’. चुलते बैलाशी कानडीच बोलत. चुलती माळशिरसकडची. इतक्या वर्षांच्या संसारात ती भाषा तिने तोंडी घेतली नव्हती.

“काकू, डाव्या हातानं कधी शिकलात?”

तिने हाताकडे पाहिलं. हात थांबला.

“मी कुटं बांधतीय? मी नुसती बसते हितं.”

स्वर रोजचाच होता. मी तो आळा निरखून पाहिला. पीळ तोच, टोक खोचायची जागाही तीच.

वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “बैल खातोय न्हवं?”

“व्हय.”

“मग झालं की.”

पण त्यानंतर ते गंजीमागे गेले नाहीत. मलाही पाठवलं नाही.

पेरणीच्या दिवशी तांबड्याने जू घेतलं, पण पाऊल टाकेना. वडिलांनी चुचकारलं, मग चाबूक उगारला आणि तसाच खाली घेतला. पेरताना पाभरीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीने बी सोडतात; विधवेने ही मूठ धरायची नाही, अशी आमच्याकडे रीत होती. आजवर मूठ चुलतेच धरत. वडील बांधावर उभ्या चुलतीकडे वळले.

“वहिनी, चाड्यावर मूठ तुमी धरा.”

“लोक काय म्हणतील, भावजी?”

“लोकांचा बैल हाय का हा?”

ती पाभरीमागे आली, ओटीत बी घेतलं आणि चाड्यावर मूठ धरली. कुणी हाकारण्याआधी बैल चालू लागला. वडील कासरा धरून पुढे चालले होते. रान पेरून होईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.